खांबाला रात्र दिली नाही

बसा रे जवळ, कंदील जरा बारीक करा. राणीसावरगावच्या मुंजाजी सुताराची ही हकिकत. त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या माणिकराव जमादारानं मला सांगितली. तालुक्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून नांदतायत.

निजामाचं राज्य. बेचाळीस सालची पौषी अवस, वार शुक्रवार. एका देशमुखाचा चौसोपी वाडा सरकारनं कचेरीला घेतला होता. सैपाकघरात दफ्तरं गेली, देवघराची कोठडी झाली अन् माजघरात साहेबाची खुर्ची आली. पण माजघराच्या मधोमध हा एवढा सागाचा खांब! साहेबाला फिर्यादी दिसेना, फिर्याद्याला साहेब. वाडा घेणाऱ्या शहाण्यांना खांब दिसला नव्हता.

नायब व्यंकटरावांनी सांजेला मुंजाजीला बोलावून घेतलं.

"सकाळी साहेबांचा दौरा हाय. तवर खांब निघाला तर तुझा भाऊ घरी. न्हाई तर जिल्ह्याला रवाना."

भाऊ म्हणजे भुजंग. वेठीला नाही म्हणाला, म्हणून त्याच कोठडीत पडलेला. आई गेल्यावर मुंजाजीनं त्याला लेकरासारखं वाढवलं होतं.

आता सुतारांची एक रीत असते. जुन्या लाकडाला हळद-तांदूळ वाहून म्हणायचं, "जो कुणी असंल त्यानं उठावं." मग एक रात्र त्याला शिवायचं नाही. वस्तीला असलेल्याला निघायला वेळ द्यायचा. झाडलोट करणारी कडूबाई तर बजावून गेली, "दादा, ह्याच खांबाला बांधून देशमुखानं एका गड्याला कोरड्यानं मरंस्तोर मारलं. त्यो अजून सुटला न्हाई. आजची रात थांब."

थांबायला रात्र होती कुठं? मुंजाजीनं हळद वाहिली, तुळईला टेकू दिले अन् बाराच्या सुमाराला करवत लावली.

करवतीचा पहिला ओढा बसला. कोठडीतून भुजंग किंचाळला.

मुंजाजीला वाटलं, जमादार मारायलाय. जीव तुटला बिचाऱ्याचा. "दम धर रं! आत्ता काढतो खांब!" म्हणत त्यानं हाताचा वेग वाढवला.

ओढा. किंकाळी.

ओढा. "दादा... सोडीव..."

मुंजाजी रडत होता अन् खांब कापत होता. करवत ओली लागायला लागली. तो बघायला थांबला नाही. आणखी जोर केला. आणखी...

खांब आडवा झाला.

कोठडी गप्प.

तो धावत गेला. माणिकराव दाराशी घोंगडी पांघरून घोरत होता. किल्ली कमरेला. कुलूप जसंच्या तसं.

मुंजाजीनं त्याला हलवून उठवलं. "का मारलंस त्याला?"

"कुणी मारलं? आत कुणीच गेलं न्हाई. आवाज बी न्हाई..."

कुलूप काढलं. कंदील आत धरला.

भुजंग भिंतीला टेकून बसला होता. पाठभर कोरड्याचे वळ. अन् कमरेच्या वर... या अंगापासून त्या अंगापर्यंत... सरळ चिरलेला.

ज्याच्यासाठी मुंजाजीनं करवत ओढली, त्याच्यावरच ओढली होती.

सकाळी साहेब आले. फिर्यादी सगळे नीट दिसले.

दुपारी भुजंगला तिरडीवर ठेवताना त्याची उजवी मूठ उघडेना. दोघांनी बोटं सोडवली.

आत सागाचा भुसा होता. ताजा...