प्यालेला शर्ट

कुरकुंभच्या फाट्यावर शिरूरची एसटी आली, प्रगतीला खिडकीची जागा मिळाली, आणि त्या खिडकीचं सुख तिला नीट उपभोगताही आलं नाही तोच शेजारी दारू येऊन बसली. म्हणजे बसला माणूसच होता. उंच, सावळा, नीट भांग पाडलेला. पण त्याच्या आधी त्याचा वास बसला.

दुसरी एखादी मुलगी नाकाला ओढणी लावून गप्प राहिली असती. प्रगती पडली हौसरावांची मुलगी. न्हावऱ्याच्या पुढं त्यांचं गाव. हौसरावांचा धाकटा भाऊ खंडू ऐन उमेदीत दारूपायी गेला, तेव्हापासून हौसरावांनी दारूशी उभं वैर मांडलं होतं. गावातल्या बायांना घेऊन ते दुकानासमोर बसले, पोलिसांशी भांडले, पुढाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी गावातलं दुकान बंद पाडलं. अशा बापाची लेक उठून उभी राहिली.

"कंडक्टर, यांना उतरवा. हे पिऊन आलेत."

सगळी डोकी वळली. कंडक्टर तिकिटांची पेटी सांभाळत आला.

"भाऊ, हा करा."

तरुणानं शहाण्या मुलासारखं तोंड उघडून 'हाऽऽ' केलं. कंडक्टरनं नाक पुढं नेलं, विचार केला, परत नेलं.

"मॅडम, तोंडाला बडीशेपेचा वास हाय. दारूचा अंगाला हाय."

"मी न्हाई प्यालो, मॅडम," तरुण नम्रपणे म्हणाला. "माझा शर्ट प्यालाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकलं. प्रगतीचा चेहरा हलला नाही. तरुण उठला, "तुमाला तरास नको," म्हणाला आणि थेट मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. पाटस गेलं, चौफुला गेला, जागा रिकाम्या झाल्या तरी तो बसला नाही. केडगावला उतरल्यावर मात्र मुद्दाम तिच्या खिडकीखाली आला.

"शर्टाच्या वतीनं माफी मागतो," म्हणाला, आणि गाडी हलायच्या आत निघून गेला.

प्रगतीला राग आला. खूपच आला. तो राग करता करता न्हावरं कधी आलं ते तिला कळलं नाही... आणि आपण उसाच्या फडांकडं बघत हसतोय हेही नाही.

सोमवारी ती कुरकुंभच्या कंपनीत केमिस्ट म्हणून रुजू झाली. शनिवारी, त्या गाडीच्या दिवशी, ती मुलाखतीलाच आली होती; आता दौंडला आत्याकडं राहायचं आणि रोज ये-जा करायची असं ठरलं होतं. पांढरा कोट घालून ती लॅबमध्ये उभी राहते न राहते, तोच खिडकीवर टकटक झालं.

"नमुना आणलाय. आधी हा करू का?"

तोच. निळी डांगरी, पिवळं हेल्मेट, आणि हेल्मेटखाली ते नम्र, बिलंदर डोळे. त्याच्यामागून उघड्या दारातून जो वास आत आला, तो हुबेहूब बसमधला.

"तुम्ही... इथं?"

"इथिलीन प्लँटला ऑपरेटर. शंभू. शनिवारी पंपाच्या जोडातनं स्पिरिट उडालं, पार बनियनपर्यंत. घरी जाताना बदलाय शर्ट नव्हता बघा संगं." त्यानं नमुन्याची बाटली खिडकीत ठेवली. "राग गेला का, का अजून गाडीतच हाय?"

प्रगतीचे कान तापले. "माझं चुकलं," ती म्हणाली. आणि एवढंच म्हणणं बरं दिसत नाही म्हणून पुढं म्हणाली, "मला तुमचा प्लँट बघायचाय."

पुस्तकात तिनं तो एका ओळीत वाचला होता. समुद्राकाठच्या मोठमोठ्या कारखान्यांत नाफ्ता तापवून, फोडून इथिलीन काढतात. इकडं समुद्र नव्हता, ऊस होता. साखर कारखान्यांची मळी, मळीचं अल्कोहोल, आणि अल्कोहोलच्या रेणूतूनच पाणी काढून टाकलं की उरतं ते इथिलीन. त्याचं पुढं प्लास्टिक होतं, औषधं होतात, रंग होतात. पण ओळीत वाचणं वेगळं आणि त्या धडधडत्या, वाफाळत्या लोखंडी मनोऱ्याखाली उभं राहणं वेगळं. शंभूनं तिला पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेऊन दाखवल्या, साबुदाण्याहून थोड्या मोठ्या.

"ह्या आत भरलेल्या असत्यात. तापलेल्या गोळ्यांवरनं स्पिरिटची वाफ गेली की पाणी सुटं, गॅस सुटा. आमच्या गावाकडं लोक दारूत पाणी घालत्यात, आम्ही काढतो."

ती पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली. जिना उतरताना शंभू दोन पायऱ्या चुकला.

त्या दिवसापासून नमुने आणायचं काम शंभूनं आपल्याकडं घेतलं. हेल्परला फार बरं वाटलं. शंभू बाटली ठेवायचा आणि खिडकीला टेकून उभा राहायचा.

"आज किती आली शुद्धता?"

"नव्याण्णव पॉइंट आठ."

"मंग राहिलेलं काय हाय त्यात?"

"अशुद्धी. दुसरं काही नाही."

"नीट बघा की. मी विचार करत करत भरलाय नमुना... त्यातलं काय उतरलं असंल."

"विचार यंत्रावर दिसत नाही," ती खाली बघत म्हणाली. पण त्या दिवशी तिनं वहीत आकडा दोनदा खोडला.

एकदा तो बेंझिनच्या बाटलीचं बूच काढायला गेला, तशी तिनं त्याच्या हातावर फटका मारला. "गोड वास येतो म्हणून हुंगायचं नसतं. घातक असतं ते."

"मंग माझ्यापास्नं धोका न्हाई तुमाला," तो हात चोळत म्हणाला. "माझा वास कडू हाय."

आत्यानं दिलेली कच्ची केळी तिनं एकदा त्याला दाखवली. तो म्हणाला, "आमच्या गॅसनं केळी पिकत्यात. बागायतदार वापरत्यात." मग थोडं थांबून, "माणसं न्हाई पिकत पण."

"माणसांना वेळ द्यावा लागतो," प्रगती म्हणाली. आणि दोघंही एकदम खिडकीच्या दोन बाजूंना कामाला लागले.

दिवाळीत तिनं आईला सांगितलं. आईनं हौसरावांना सांगितलं ते निम्मंच: केडगावचं स्थळ आहे, आपल्यातलंच घर आहे, आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती, आता बागायत आहे, मुलगा कंपनीत कायम आहे. कंपनीत काय करतो, हे आईला नीट कळलं नव्हतं. प्रगतीनं नीट कळू दिलं नव्हतं.

बघण्याच्या दिवशी शंभू आजीला, बयाबाईला, घेऊन आला. त्यानं तीन वेळा अंघोळ केली होती आणि तरीही धास्ती वाटून निम्मी बाटली सेंट अंगावर ओतला होता. तो ओसरीवर बसला तशा दोन माश्या उठून गेल्या. हौसरावांचं नाक सगळ्या शिरूर तालुक्यात प्रसिद्ध होतं. कांद्याच्या पोत्यात लपवलेली बाटली त्यांनी रस्त्यावरून ओळखली होती.

"सेंट लई लावलाय," ते विडी शिलगावत म्हणाले. "एवढा वास कशावर घालताय, पाव्हणं?"

शंभूचं तोंड उघडलं, पण आवाज आला बयाबाईचा. म्हातारी निर्मळ मनाची. "त्याला सवय लागलीया बाबा. सारा दिस दारूतच असतंय पोरगं. घरी आलं की म्हस सुदीक तोंड फिरवती."

ओसरी गार पडली. विडी हौसरावांच्या बोटांतच राहिली. त्यांनी सावकाश भिंतीकडं बघितलं, तिथं खंडूचा फोटो होता.

"उठा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला.

पोह्यांची ताटली घेऊन प्रगती दारात उभी होती. तिनं ती तिथंच खाली ठेवली आणि बाहेर आली.

"आप्पा, हे दारू पीत नाहीत. हे दारू मोडतात."

मग ती बोलत सुटली. मळी, अल्कोहोल, पांढऱ्या गोळ्या, वाफ, पाणी, गॅस. बसमधला शर्टसुद्धा सांगितला. बयाबाई डोळे मिटून, हात जोडून ऐकत होती, जणू पोथी लागलीय. प्रगती दम घ्यायला थांबली तेव्हा हौसराव शंभूकडं वळले.

"दिवसाला किती मोडता?"

"टँकर जातोय की, आप्पा. कवा कवा जास्त."

"टँकर," हौसराव म्हणाले. एक दुकान बंद करताना त्यांचे केस पिकले होते. "मला बघायचाय."

पुढच्याच आठवड्यात ते कंपनीच्या गेटवर हजर झाले. रखवालदारानं विडीचं बंडल आणि काडेपेटी काढून घेतली. पटक्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा पटका काढून प्रगतीच्या हातात द्यावा लागला. टक्कल झाकणारं पिवळं हेल्मेट घालून हौसराव टँकरपाशी उभे राहिले. नळीतून स्पिरिट टाकीत जाताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जणू एखाद्या शत्रूची वरातच चाललीय डोळ्यांसमोरून. शंभूनं त्यांना सगळा प्लँट फिरवला. हौसराव खुशीत होते. प्रगतीनं मनातल्या मनात तारीखसुद्धा धरली.

शेवटी, जिन्याखाली, हौसरावांनी विचारलं, "आन् ह्या गॅसची परत दारू होती का?"

उत्तर तिला माहीत होतं. शंभूलाही होतं. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं. नुसतं 'न्हाई' म्हटलं की काम झालं होतं. तिथं दुसरं कोण सांगणार होतं.

"व्हती, आप्पा," शंभू म्हणाला. "पाणी परत घातलं तर व्हती. त्याला दाब लागतोय, मशिनरी निराळी लागती. आमच्याकडं न्हाई ती. पर व्हतच न्हाई म्हणलो, तर ते खोटं व्हईल."

हौसरावांनी हेल्मेट काढलं, पटका बांधला, विड्या घेतल्या आणि थेट शिरूरची गाडी धरली.

मग कितीतरी दिवस घरून निरोप नाही. शंभू नमुने आणायचा, बाटली ठेवायचा आणि आकडा न विचारताच जायचा. एकदा प्रगतीच म्हणाली, "एक 'न्हाई' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"म्हणाय निघालो व्हतो," तो खिन्नपणे म्हणाला. "तोंडात आलंच न्हाई."

तिला त्याचा राग आला. आणि त्या रागातच तिला पुरतं कळून चुकलं, की आता दुसरा कुणी चालणार नाही.

एका रविवारी हौसराव दौंडला आले. आत्यानं चहा दिला, तो बशीत ओतून ते निवांत प्याले.

"केडगावला जाऊन आलो," ते म्हणाले. "म्हातारीनं जेवू घातलं."

प्रगती उभीच राहिली.

"खंडू रोज सांगायचा, दादा, आता सोडली. रोज. मला बरं वाटावं म्हणून सांगायचा. मलाबी बरं वाटायचं." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्यानं एकदा जरी खरं सांगितलं असतं, तर मी काय तरी केलं असतं, पोरी. ह्या शंभूला त्या दिवशी खोटं बोलणंच फायद्याचं होतं. न्हाई बोलला. मला घरात असा माणूस पायजे."

ते पुढं तारखेचं बोलू लागले, पण प्रगतीला ऐकू आलं नाही.

सुपारी फुटली ती केडगावात. सगळं आटोपल्यावर दौंडला जाणाऱ्या पॅसेंजरसाठी शंभू तिला स्टेशनवर सोडायला आला. हौसराव आणि आत्या मुद्दाम लांबच्या बाकावर बसले आणि मुद्दाम दुसरीकडं बघू लागले. सिग्नल पडला होता. शंभू फलाटाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघत उभा होता.

"तुम्ही मला अजून काही म्हणालाच नाहीत," प्रगती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"आप्पांना सगळं खरं खरं सांगितलंत. मला काहीच नाही."

शंभूनं खोकून बघितलं. बसमध्ये, खिडकीत, प्लँटवर ज्याची जीभ कधी अडली नव्हती, त्याचे कान लाल झाले. "म्हंजी मला... तुमी लॅबला नसला ना, त्या दिवशी मला प्लँटचा आवाजच मोठा वाटतो बघा. आन् तुमी असला की..." तो थांबला. "असला की ऐकूच येत न्हाई तो. हेच हाय. दुसरं मला बोलता येत न्हाई."

गाडी आली. गर्दी उतरली. प्रगतीनं पिशवी त्याच्या हातून घेतली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून, अगदी हळू, म्हणाली,

"अहो... येते मी."

गाडी हलली. शंभू जागचा हलला नाही. "काय म्हणालात?" त्यानं विचारलं, आणि मग गाडीबरोबर चालत, मग पळत, "काय म्हणालात?" फलाट संपेपर्यंत विचारत राहिला. प्रगती दारात उभी राहून नुसती हसत होती. तिला माहीत होतं, त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.