कोटाच्या आतलं कापड

वडीगोद्रीला एसटीतून उतरल्या उतरल्या सुरुचीनं समोर दिसलेल्या पहिल्याच माणसाला विचारलं, "इथे लोकर विणणारं कुणी आहे का?"

"माझी आईच." तो हसला. "घोंगडं पाहिजे?"

"नाही. कोटाला आतून लावायला अस्तर."

जालन्यात मस्तगडला तिचं शिलाईचं दुकान होतं. तिचे जुने शिक्षक मार्तंड सर आपला कोट देऊन गेले होते. आतलं लोकरी अस्तर कसरीनं खाल्लेलं, आणि सॅटिन नको, लोकरच हवी, हा त्यांचा हट्ट.

"टोचल की... जावळाचं मात्र न्हाई टोचणार. कोकराची पहिली लोकर. चला घरी."

घरी आसराबाई मागावर होत्या. त्यानं—बिभीषणनं—एक तुकडा तिच्या मनगटावर आतल्या बाजूनं ठेवला.

"टोचतं?"

"नाही..." ती म्हणाली, आणि हात मागे घ्यायचं विसरली.

सरांचा कोट पाहून आणखी गिऱ्हाइकं आली. दर गुरुवारी बिभीषण कापड घेऊन जालन्याला येऊ लागला. काम पाच मिनिटांचं. चहा मात्र तासभर चाले. त्याला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय, हे असंच एकदा चहावर कळलं. त्या दिवशी तिची शिवण दोनदा चुकली.

मग तीन गुरुवार तो आलाच नाही. फोनही लागेना. गेला असेल पुण्याला, असं ती स्वतःला बजावत राहिली.

चौथ्या गुरुवारी तो दारात उभा. तिनं कापड उलगडलं. काठ वाकडेतिकडे.

"हे मावशींनी विणलेलं नाही."

"आईचा खांदा धरला. फोनबी बिघडल्ता. ती जवळ बसून शिकवते, मी विणून राह्यलो."

"आणि पुणं?"

"न्हाई म्हणून कळवलं."

"...माझ्यासाठी?"

"मागासाठी," तो सरळ बोलून गेला. तिचा चेहरा उतरलेला पाहून गडबडला. "तुमच्यासाठी तर दर गुरुवारी येत होतो ना! कापड काय, कंडक्टरजवळ दिलं तरी बराबर पोचतं."

तिला हसू आलं. वाकडे काठ जुळवत तिनं कापडाची घडी घातली. घरात तिच्यासाठी इंजिनिअर मुलं बघणं चाललं होतं.

"रविवारी घरी या. कापड आणू नका."

"मंग काय सांगू तुमच्या घरच्यांला?"

"खरं तेच. पप्पा आडनाव विचारतील, जात विचारतील... चिडतील."

"मंग?"

"मंग काय—मी तुमच्या शेजारी बसलेली असेन."