पाव फेरा

भाटवाडीच्या शाळेतली प्रथमोपचाराची पेटी गेल्या आठ वर्षांत फक्त एकाच मुलीसाठी उघडावी लागली होती. बाकी कार्यशाळेत करवती चालत, रंधे चालत, पण कुणाचं बोट कापत नसे. नववीची मुलं चौकट पहिल्या फटक्यात काटकोनात बसवत. अंगठ्यावर दहादा हातोडी बसल्याशिवाय सुतार होत नाही, असं कार्यशाळेचे शिक्षक विश्राम मेस्त्री यांचे वडील म्हणायचे. ते आता खोटं ठरलं होतं.

ही किमया हस्तठशाची. कसबी कारागीर काम करताना त्याच्या मज्जातंतूंतून जे संदेश धावतात ते टिपून घ्यायचे आणि एका पातळ हातमोज्यातून मुलाच्या हातात सोडायचे, रोज अर्धा तास, चाळीस दिवस. सायकल चालवणाऱ्याला आपण तोल कसा सावरतो ते सांगता येत नाही, कारण ते ज्ञान शब्दांत नसतं, लहान मेंदूत मुरलेलं असतं. हस्तठसा ते नेऊन ठेवतो थेट तिथेच. राज्यातल्या तीनशे कारागिरांतून निवडला गेला तो मेस्त्रींचा हात. आज बारा लाख मुलं त्या हाताने काम करत होती. "आमचं कसलं कौतुक," असं मेस्त्री म्हणत खरे, पण आतून फुगत. का फुगू नये?

वर्गातल्या तेवीस मुलांत एकटी मैथिली धुरी बिनठशाची. "देवान दिलेलो हात पुरो आसा," म्हणून तिच्या बापाने, बाबल धुरीने, संमतीपत्र कोरंच परत पाठवलं होतं. पेटी उघडायची ती तिच्यासाठी.

त्या वर्षी आराखडा आणि बांधणीच्या विषयात मुलांनी खरोखरीचं काम घेतलं होतं: वाडीच्या ओहोळावर लोखंडी साकव. मोजमापं त्यांची, आराखडा त्यांचा, चौसष्ट बोल्ट आवळले तेही त्यांनीच. शुक्रवारी साकव खुला व्हायचा होता. बुधवारी मैथिली पाना घेऊन आली.

"सर, ह्यो बोल्ट ढिलो आसा."

"मी आत्ताच बघितलंय गो. घट आसा."

"नाय सर. अजून फिरता."

मेस्त्रींनी पाना लावला. हाताने सांगितलं, झालं. तरी मनाची खात्री म्हणून त्यांनी कपाटातून जुना काट्याचा पाना काढला, आवळताना किती जोर लागला ते दाखवणारा. हात इतके अचूक झाल्यावर तो कुणी वापरायचं कारण उरलं नव्हतं. काटा खुणेच्या बराच अलीकडे थांबला.

त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं. "बोल्ट ढिलो आसा. आवळा बघू."

पहिल्याने जोर लावला. "झालो, सर." दुसरीने लावला. "झालो, सर." बावीस जण आले आणि पाना बावीस वेळा एकाच जागी थांबला. मग मैथिलीने दात आवळून जोर केला आणि पाना आणखी पाव फेरा फिरला. काटा खुणेवर आला.

त्यांनी डॉ. शर्वाणी सबनीसांना फोन लावला. हस्तठशाचा हातमोजा त्यांनीच बनवला होता.

"मेस्त्री, तुम्ही शिकलात कशावर?"

"फणसाच्या लाकडावर. वडलांकडे." बोलता बोलता त्यांना वडलांचा आवाज ऐकू आला: फणस तडकाच्या आदी थांब. लाकूड बोलणा नाय, हाताक कळाक व्हया.

"मग तेच," बाई सावकाश म्हणाल्या. "ठशात नुसती हालचाल उतरत नाही. 'बस, झालं' ही जाणीवही उतरते. तुमचा हात लाकडासाठी पाव फेरा आधी थांबतो. मुलांचा लोखंडावरही तिथेच थांबणार."

"पण एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? तपासणी होते ना?"



"पहिली तुकडी आता कामाला लागलीय, मेस्त्री. लिफ्ट बसवतात, जत्रेतले पाळणे जोडतात. आणि तपासायला जातात तेही त्याच तुकडीतले. बांधणारा चुकला तर तपासणाऱ्याने पकडावं, म्हणून तर दोन माणसं ठेवतात. आपल्याकडे माणसं दोन आहेत, हात एकच."

मेस्त्रींनी साकव बंद ठेवला आणि वर कळवलं. आठवड्याने तीन तरुण इंजिनिअर आले. त्यातल्या एकाने मेस्त्रींच्या पाया पडून सांगितलं, "सर, आमचा हात तुमचाच." तिघांनी सगळे बोल्ट हाताने तपासले. मेस्त्रींनी काट्याचा पाना पुढे केला, तर तिघे एकमेकांकडे बघून हसले. अहवालात शेरा पडला: बोल्ट घट्ट, पाना सदोष, जप्त. खाली आणखी एक ओळ होती. शाळेतल्या एका विद्यार्थिनीस हस्तठसा नसल्याने गैरसमज पसरला; ठसा तातडीने द्यावा.

साकव त्याच दिवशी खुला झाला. मैथिलीने दोन दिवस खपून आणखी बासष्ट बोल्ट आवळले, तळहाताला फोड येईस्तोवर. एक मेस्त्रींनी मुद्दाम तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाबल सही करायला आला. मेस्त्रींनी त्याला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं, हात जोडले.

"मास्तरांनू, तुमचोच हात मा तो?" बाबल म्हणाला. "मगे भियाचा कित्याक? पोर मागे पडली, लोक हसतत."

आणि त्याने संमतीपत्रावर सही केली.

चाळीस दिवसांनी ते मैथिलीला साकवावर घेऊन गेले. तिच्या बोटांवर एकही चिंधी नव्हती. त्यांनी तो राखलेला बोल्ट दाखवला. तिने सफाईने पाना लावला, फिरवला आणि थांबली.

"झालो, सर. घट आसा."

"दीड म्हयन्याआदी तूच हे बोल्ट ढिले म्हणी होतंस मा?"

मैथिली लाजून हसली. "तेवा माजो हात कच्चो होतो, सर."

शाळा सुटली होती. मुलं दप्तरं उडवत साकवावर धावत आली, ती त्यांच्यात मिसळून पलीकडे गेली. मेस्त्री खाली बसले. पाव फेरा बाकी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पाना लावून सगळं बळ एकवटलं. हात म्हणाला, झालं. आणि साकवाच्या मधोमध बसून, पहिल्यांदाच, त्यांना वाटलं की पोर आता म्हणते तेच खरं असेल, बोल्ट घट्टच असेल.