दे हिकडं, तू झोप

मोबाईल खाली ठेवा लेकांनो, मग सांगतो. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या वारणानगरच्या कॉलनीतला प्रसेनजीत. माझ्याच खात्यात कामाला. भूतखेत मानणारी माणसं न्हवंत ती. घरात अंगारा न्हाई का दोरा न्हाई. गेल्या जानेवारीतली गोष्ट. मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. आई तानाबाई आजऱ्याला लेकीकडं गेलती, तिला स्टँडवरनं आणायला हा मोटरसायकल घेऊन गेला. एवढंच काम.

तानाबाई रुसून गेलती. प्रसेनजीतचं पोरगं दोन महिन्यांचं, रात्रभर रडायचं. सून रूपालीबी त्याच्याबरोबर रडायची. डोळ्याला डोळा न्हाई. सासूला ती आत्या म्हणायची. एकदा धीर करून बोलली बिचारी, "आत्या, ह्याला बघून मला कायच वाटत न्हाई. कुठंतरी निघून जावं वाटतंय."

तानाबाई कडाडली, "आमी रानात भांगलताना बाळंत झालो. तुझी नाटकं बघायला मी हितं ऱ्हात न्हाई!"

आन् गेली पिशवी घेऊन. प्रसेनजीत काय करायचा? कूस बदलून घोरायचा. अजून राग येतो मला त्याचा.

तर बस आली. आई मागं बसली. गाडी सुरू करायच्या आधी ह्यानं घरी फोन लावला.

"रडतंय का गं?"

"न्हाई." रूपालीचा आवाज झोपेनं जड. "गप झालं. आत्यांनी घेतलंय."

"…कुणी?"

"आत्यांनी. लाईट गेलीय न्हवं. अंधारात दारात आल्या. म्हटल्या, दे हिकडं. तू झोप."

प्रसेनजीतनं वळून मागं बसलेल्या आईकडं बघितलं. आई विचारती, "काय म्हणतीया?"

तिनं फोन हिसकावला. रूपालीला झोप लागली होती, पण फोन चालू होता. तिकडं कोणतरी पोराला थोपटत होतं. गुणगुणत होतं…

आवाज तानाबाईचाच होता.

मग गाडी कशी पळवली, त्याचं त्याला ठाऊक.

पुढचं दार उघडं. घरात अंधार. रूपाली जमिनीवर, गाढ. पाळणा रिकामा.

मागचं दारबी उघडं…

पोरगं उंबऱ्यावर. निम्मं आत. निम्मं भाईर. जागं. रडत न्हवतं. घरामागच्या उसाच्या रानाकडं बघत होतं.

वारा न्हवता. ऊस हालत होता.

तानाबाईनं पोराला ओढून छातीशी धरलं आन् वळली सुनेवर. "ऊठ गं भवाने! कुणाच्या हातात दिलंस—"

"गप!" प्रसेनजीत आडवा झाला. "'दे हिकडं, तू झोप.' दोन महिनं ती एवढंच ऐकायची वाट बघत होती. तू बोलली न्हाईस. मी बी बोललो न्हाई. म्हणून दुसरं कोणतरी बोललं."

तानाबाई पोराला घेऊन सुनेच्या उशाशी बसली.

दुसऱ्या दिवशी रूपालीला कोल्हापूरला डॉक्टरकडं नेलं. बाळंतपणानंतर मन असं आजारी पडतं, औषध हाय त्याला, म्हणाले. बरी हाय आता. रात्री पोराला तानाबाईच घेती. पण आधी लाईट लावून, तोंड दाखवून.

एक मात्र… त्या रात्री लाईट आली तवा दिसलं. रूपालीची कुणीतरी वेणी घातलेली होती. तेल लावून, घट्ट. टोकाला हिरव्या लुगड्याची चिंधी. ओली.

तसलं लुगडं त्या घरात कुणाचंच न्हवतं.