उतरवायचा राहिलेला भिवा

सोमनाथचं त्या दिवशीचं काम तसं साधं होतं. भिवाचा पासपोर्ट वकिलातीत नेऊन रद्द करून आणायचा, की शवागारातली पेटी विमानात चढणार. भिवा त्याच्याच कोकणातल्या वाडीतला, आखातात जेबेल अलीच्या कामगार कॅम्पात सात वर्षं त्याच्या वरच्या बंकवर झोपणारा. झोपेतच गेला. हाक मारूनही उठेना, तेव्हा सोमनाथने चिडून बंकला लाथ मारली होती. ती लाथ काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हती.

भिवाच्या आईने, मुक्ताकाकीने, फोनवर रडं आवरून एकच बजावलं होतं. परमुलखात गेलेल्याची वस्तू खिशात ठेवायची आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढ-उताराला त्याचं नाव घेऊन ‘चल’ म्हणायचं. मागे मात्र वळून बघायचं नाही. वाडीची रीतच होती तशी.

सोमनाथने भिवाचा पासपोर्ट खिशात ठेवून रीत पाळली. कॅम्पच्या फाटकात म्हणाला, बसमध्ये म्हणाला, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरही पुटपुटला. ड्रायव्हर नसलेल्या त्या गाडीचं भिवाला भारी कौतुक. सुट्टीच्या दिवशी दाराच्या काचेला नाक लावून उभा राही आणि उतरायचं नावच काढत नसे. हे आठवून सोमनाथला भरून आलं, तेवढ्यात वकिलातीचं स्टेशन आलं. वकिलातीतली खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. दार उघडताच तो धावत सुटला. टोकन मिळालं, शिक्का बसला, पेटी गेली.

वाडीत दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही. दुपार कलली तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. रात्री काकीचा फोन आला.

“सोमा, वाटेत कुठं सोडलास रे त्याला?”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. सोमनाथने खरं ते सांगून टाकलं: घाईत गाडीतून उतरताना ‘चल’ म्हणायचं राहून गेलं होतं.

“मग उतरव त्याला,” काकी म्हणाली. “पुढची वाट त्याची त्याला ठाऊक हाय.”

रविवारी भर दुपारी तो पुन्हा त्याच गाडीत चढला. बाहेर ऊन रणरणत होतं, डब्यात मुंगीला शिरायला वाव नव्हता. तरी एका दाराशी हातभर जागा मोकळी होती. तिथल्या काचेवर, नाकाच्या उंचीला, आतून वाफ धरत होती. धरायची, विरायची, पुन्हा धरायची. सोमनाथ त्या काचेकडे बघत राहिला. बाकीच्या दारांशीही तशीच हातभर जागा मोकळी होती, हे त्याला दिसलं, पण त्याचा विचार करण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

वकिलातीचं स्टेशन आलं. त्याने तोंड उघडलं, तर कानाला हेडफोन लावलेली शाळकरी मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“अंकल, आर यू ओके?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत मेलेल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची कशी? नाव त्याने गिळलं. फोनवर बोलत असल्यासारखं करून नुसतंच म्हणाला, “चल, उतर आता. घरी जायचंय.”

आणि उतरला. मागे दार बंद होऊ लागलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा उघडं. मध्ये कुणी नव्हतं. दारापासून दूर राहा, असं गाडी सारखी सांगत होती. सोमनाथ चालू लागला तशी मागे पावलं वाजली. एकट्याची वाटत नव्हती, पण वळून बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून फोन लावला. काकी कुजबुजत बोलत होती.

“आलंय रे कुणीतरी... पडवीत बसलंय. भिवा नाय तो.”

“मग कोण?”

“काय माहीत. आपली भाषा कळत नाय त्याला. पाणी ठेवलं पुढ्यात... आणखी काही जण अंगणाबाहेर उभे हायत. त्यांना घालवू कशी, सोमा? त्यांनाबी कुणी हाक मारली नसंल. पण माझा भिवा कुठाय?”

सोमनाथला गाडीत गिळलेलं नाव आठवलं. फोनमध्ये काकीच्या श्वासामागे पडवीतून आवाज येत होता. कोकणातल्या त्या पडवीत कुणीतरी अगदी सावकाश, गाडीतल्या घोषणेसारखं, अरबीत पुढच्या स्टेशनचं नाव सांगत होतं.