सोमवारची नळी

गेली एकोणीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासते आहे, त्यामुळे रक्ताच्या नात्याबित्याच्या गप्पा कुणी मारल्या की मला हसू येतं. रक्त म्हणजे काय ते मी रोज स्टँडमध्ये उभं करून ठेवते.

आमची लॅब लहान. पुढे बाकडी, मागे मशीनची खोली आणि खिडकीपाशी ईएसआरचा स्टँड. ही तपासणी अगदी साधी. बारीक उंच काचेच्या नळीत शून्याच्या रेघेपर्यंत रक्त भरायचं आणि तासभर हात लावायचा नाही. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. अंगात सूज असेल तर पेशी भराभर बसतात आणि आकडा चढतो. दर सोमवारी नळ्या-औषधं ठीक आहेत ना हे बघायला एका धडधाकट माणसाचं रक्तही लावतो. तो धडधाकट माणूस म्हणजे मी. माझा आकडा सात. इतकी वर्षं सातच, त्यामुळे खरं सांगायचं तर अलीकडे मी नळीकडे न बघताच वहीत सात लिहून मोकळी व्हायचे. मास्तरांना हे माहीत नव्हतं. मास्तर म्हणजे माझे सहकारी. प्रत्येक आकडा दोनदा तपासतात, म्हणून मास्तर.

वर्षाच्या सुरुवातीला आम्हा दोघी बहिणींना एकदमच ताप आला. मी तिसऱ्या दिवशी घरातच उठून बसले. धाकटी मात्र त्याच दिवशी बरळायला लागली, मग झटके आले. पाच आठवडे हॉस्पिटल. आई-वडील गेल्यापासून आम्हाला एकमेकींशिवाय कोणी नाही. त्या पाच आठवड्यांत मी किती रडले ते माझं मला माहीत.

"मेंदूला सूज आहे," मेंदूचे डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्या जंतूंशी लढणारी शरीराची फौज तिच्याच मेंदूवर उलटली आहे. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसावर भुंकावं तसं. औषधांनी शांत होईल. पण पुन्हा सूज चढली, तर वाचा परत येईलच असं नाही."

धाकटी शाळेत गाणं शिकवते. तिची वाचा गेली तर मागे काय उरणार?

घरी आली तेव्हा बरी दिसत होती. कपाटातली साडी कुठल्या घडीत आहे इथपर्यंत सगळं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "तुम्ही चहा घेतलात का?"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"अगं, तुम्ही काय? डोकंबिकं फिरलंय का?" म्हटलं, आणि जीभ चावली.

"फार करता तुम्ही माझं," ती म्हणाली. "ताई आली की सांगेन तिला."

"मीच ताई आहे गं!"

"बरं," ती म्हणाली. पाहुण्यांशी बोलावं तसं.

असं होतं, सूज उतरली की ओळखेल, असं डॉक्टर म्हणाले. पण तिच्या नळीचा आकडा चढतच गेला. अठ्ठेचाळीस, एकसष्ट, सत्तर. औषधं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मध्येच नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी मला आठ दिवस बाहेरगावी जावं लागलं. शेजारीण तिच्या सोबतीला राहिली, रक्त मास्तरांनी घेतलं. बारा. मी परत आले. चार दिवसांत पुन्हा सहासष्ट.

मास्तरांनी ती नळी तीनदा बघितली. "हा आकडा उतरायला आठवडे लागतात. असा उड्या मारत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "लॅबच्या वरची खोली रिकामी आहे. राहून बघा थोडे दिवस."

"म्हणजे मी काय जंतू आहे?"

"मी आकड्याबद्दल बोलतोय, बाई."

संध्याकाळी मी धाकटीला सरळ विचारलं, "मी कोण वाटते तुला?"

ती गाण्याच्या वह्या लावत होती. "माहीत नाही. पण तुम्ही वाईट नाही. त्या तापात, तिसऱ्या दिवशी सकाळी, मी ताईला पाणी द्यायला तिच्या खोलीत गेले. ताई नव्हती. अंथरुणात तुम्ही बसला होतात." मग तिनं वहीकडे बोट केलं आणि ओठ हलवत राहिली. वही हा शब्दच तिला सापडेना.

मी बॅग भरली.

तीन आठवड्यांनी तिचा आकडा नऊ. शब्द अडखळायचे थांबले होते. मास्तरांनी पेढा द्यावा तशा थाटात रिपोर्ट हातात ठेवला. मला आनंद झाला, खरंच झाला.

त्या सोमवारी माझी नळी लावली. तासानं वही उघडली, सात लिहायला पेन टेकवलं. का कोण जाणे, मान वर केली.

नळी शून्याच्या रेघेपर्यंत लाल होती.

औषध बदललं, नवी नळी घेतली, पुन्हा रक्त काढलं. तासभर समोर बसून राहिले.

लालच.

वही मागे चाळली. तापानंतर मी हजर असलेल्या प्रत्येक सोमवारी सात. माझंच अक्षर. काखेत कळसा, गावाला वळसा.

नळी तशीच राहू दिली. कुणाचंही रक्त दोन दिवसांत तळाशी बसायला हवं होतं.

बुधवारी सकाळी मास्तर स्टँडपाशी थांबले. "ही आत्ताच लावलीत ना? वेळ लिहिली नाहीत."

"आत्ताच," मी म्हटलं.

फोन वाजला. धाकटी होती. आवाज अगदी पहिल्यासारखा, मोकळा. "उद्यापासून शाळेत जातेय. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं. तुमचे फार उपकार आहेत." थोडी थांबली. "एक काम होतं. माझी ताई तुमच्याच लॅबमध्ये आहे. ती आली तर सांगाल? मी अजून रोज तिचं ताट वाढून ठेवते."

"सांगते," मी म्हटलं आणि सोमवारच्या रिकाम्या रकान्यात सात लिहिलं.