अजून थोडं पुढे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई आजही हयात आहे. ज्याच्यामुळे घडलं तो माणूसही हयात आहे, आणि मजेत आहे.

जून महिन्यातला पहिला मंगळवार. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं डनली गाव. तिकडे जूनमध्ये हिवाळा असतो. संध्याकाळची वेळ, बाहेर बोचरा वारा, आणि स्काउट हॉलमध्ये फोटो क्लबची बैठक.

नोरीन हॅड्रेल तिच्या नेहमीच्या जागी बसली होती.

शेजारची खुर्ची रिकामी होती. ती क्लाइव्हची, तिच्या नवऱ्याची.

क्लाइव्ह मार्चमध्ये गेला. गेला म्हणजे... समुद्राने नेला. किनाऱ्यासमोर पाण्यात उंटाचा खडक आहे, त्याचा फोटो काढायला उभा होता, मागून लाट आली. ट्रायपॉड तीन पायांवर जसाच्या तसा उभा सापडला. वर कॅमेरा नव्हता, आणि मागे क्लाइव्हही नव्हता. अजून सापडलेला नाही.

तो एवढ्या पुढे का गेला होता, तेही ऐका.

क्लबची एक रीत आहे. पडद्यावर आलेला फोटो कुणाचा हे कुणी सांगायचं नाही. परीक्षक उणीदुणी काढतो, आणि ज्याचा फोटो असेल त्याने चकार शब्द न काढता ऐकायचं. पहिला नंबर आला, तरच उठून उभं राहायचं.

परीक्षक कायमचा एकच, लीथ पास्को. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचा, डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "छान आहे. फक्त..."

या 'फक्त'ने क्लाइव्हची झोप उडवली होती.

"फक्त समोरचा भाग रिकामा आहे. अजून थोडं पुढे जायला हवं होतं."

वर्षानुवर्षं हेच. आणि क्लाइव्ह, वेडा, दर वेळी थोडा पुढे जायचा.

"या खेपेला उठून उभा राहतो की नाही बघ," असं नोरीनला सांगायचा.

"माझा एखादा फोटो काढ की कधीतरी."

"तू मध्ये आलीस की खडक झाकला जातो गं."

अख्ख्या संसारात त्याने बायकोचा एक फोटो धड काढला नाही. खडकाचे मात्र कपाटभर.

जीभ लीथची होती आणि पाय क्लाइव्हचे. तो गेल्यावर लीथने फुलं पाठवली, झालं. तरी नोरीन बैठकीला येत राहिली. तिला एकदाच लीथच्या तोंडून ऐकायचं होतं, की मीच त्याला पुढे जायला सांगितलं.

दिवे मालवले. क्लबचं कामकाज बघणारी ग्लेनिस लॅपटॉपवरून एकेक फोटो लावत होती. मेंढ्या. सूर्यास्त. कुणाचा तरी कुत्रा. आणि मग...

उंटाचा खडक.

क्षितिज डावीकडे कललेलं होतं. क्लाइव्हचा उजवा खांदा आखडलेला असायचा, त्याचं क्षितिज कायम असंच उतरायचं.

लीथने बोटांची चौकट केली. "छान आहे. फक्त क्षितिज सरळ करा. आणि अजून थोडं पुढे."

शेजारून आवाज आला.

टप... टप...

नोरीनने अंधारात हात लावून पाहिला. क्लाइव्हच्या खुर्चीची गादी ओली होती.

बैठक संपल्यावर तिने ग्लेनिसला गाठलं. "तो खडकाचा फोटो कुणी दिला?"

"मला काय माहीत बाई? पेटीत पेनड्राइव्ह टाकतात, मी लावते. नाव कोण लिहितंय?" ग्लेनिस बोट पुसत म्हणाली. "पण हा ओला होता बघ. कुणीतरी पावसात आणला असणार."

त्या दिवशी पाऊस नव्हता.

जुलैत तोच खडक पुन्हा आला... क्षितिज अगदी सरळ. आणि खडक जवळ आलेला.

"वा," लीथ खूश झाला. "कुणीतरी ऐकतंय म्हणायचं! फक्त उजव्या कोपऱ्यातलं ते शेवाळ टाळा."

शेजारी कुणीतरी श्वास सोडला. क्लाइव्ह मार खाल्ल्यासारखा गप्प बसायचा तेव्हा सोडायचा, तसाच.

नोरीनने ग्लेनिसकडून फोटोची प्रत काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ओहोटीला, समुद्रावर गेली. फोटो हातात धरून सरकत राहिली. इथून खडक लहान दिसतो. इथूनही. अजून थोडं पुढे... पायाखालची दगडी कड संपली. फोटोत होता तेवढा मोठा खडक तिथूनही दिसत नव्हता.

त्यापुढे नुसतं खोल, काळं पाणी होतं.

तो फोटो जिथून काढला होता तिथे माणूस उभाच राहू शकत नाही.

ऑगस्टच्या बैठकीआधी तिने लीथला चहाच्या टेबलाशी अडवलं. तो लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला केक, खात होता, कोटावर खोबरं सांडलेलं.

"लीथ, ते खडकाचे फोटो क्लाइव्हचे आहेत."

"नोरीन, तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"तुम्ही चूक काढता, आणि तो पुन्हा जातो. मेला तरी जातोय. आज म्हणा, यात काही कमी नाही. एवढंच म्हणा. त्याला थांबू दे."

लीथने तिच्याकडे पाहिलं. हातातला तुकडा खाली ठेवला. "बरं. म्हणतो."

फोटो आला. खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये असा फोटो कुणी कधी पाहिला नव्हता. शेवाळ गेलं होतं. या खेपेला समोर दगडी कडही होती. कड, खडक, प्रकाश, पाणी, सगळं जिथल्या तिथे.

टप... टप...

लीथने चौकट केली नाही. "यात... काही कमी नाही. पहिला नंबर. ज्याचा असेल त्याने उभं राहावं."

कुणी उठलं नाही.

मग क्लाइव्हची खुर्ची करकरली. बसलेला जड माणूस उठताना करकरते तशी.

टपटप थांबली. नोरीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. संपलं, तिला वाटलं. सुटला बिचारा.

आणि त्या मेल्या लीथला राहवलं नाही. खोड ती खोड. बोटं आपोआप वर गेली.

"फक्त... त्या कडेवर एखादं माणूस असतं ना, पाठमोरं, छोटंसं... तर चित्र पुरं झालं असतं."

खुर्ची पुन्हा करकरली. कुणीतरी परत खाली बसलं.

सप्टेंबरमध्ये नोरीन खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती. फोटो आला. तोच खडक, तोच प्रकाश. आणि कडेवर पाठमोरी एक बाई. अंगात मोहरीच्या रंगाचा रेनकोट, उजवा खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला.

तो खिसा नोरीनने आदल्या रविवारी शिवला होता. त्यानंतर रेनकोट घातलाच नव्हता.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"किती सुंदर आलेय मी," ती हळूच म्हणाली.

लीथचा चेहरा पांढराफटक पडला होता. तोंडावर हात दाबायला हवा होता त्याने. पण तोंड आधी उघडलं.

"ती... अजून थोडी पुढे हवी होती."

ग्लेनिसने प्लग उपटला. त्यानंतर क्लब भरलाच नाही. लीथ उत्तरेला मुलाकडे गेला, तिथे म्हणे दुसऱ्या क्लबात फोटो तपासतो. नोरीनला तिच्या बहिणीने लॉन्सेस्टनला नेलं, समुद्रापासून लांब. ग्लेनिसने नोरीनचं घर आवरलं तेव्हा रेनकोट दाराशी टांगलेला होता. पाणी गळत होतं. चाखून पाहिलं तर खारट.

तिने तो फेकून दिला.

गेल्या आठवड्यात ग्लेनिसला नोरीनचा फोन आला. आवाज छान होता, बऱ्याच दिवसांनी हसली. इकडचंतिकडचं बोलली. नवा रेनकोट घेतलाय म्हणाली, मोहरीच्याच रंगाचा.

मग विचारलं, "डनलीला हल्ली भरती किती वाजता असते गं?"

"माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली आणि फोन ठेवला.

डनलीत भरतीची वेळ माहीत नसलेलं माणूस नाही. ग्लेनिस खोटं बोलली, हे नोरीनला चांगलं ठाऊक आहे.